दोन मित्र, एक लेडल आणि तेवीस वर्षांचं मौन : अपराधभावाची कादंबरी कशी बांधावी?

खानापूरवासी

कादंबरीचा आराखडा जवळजवळ तयार आहे. जाणकारांनी तो मोकळेपणाने तपासावा.

साल १९९१, बेळगावच्या उद्यमबागेतली एक लहान फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना. यल्लाप्पा आणि परशराम दोघेही सतरा वर्षांचे, एकाच गल्लीत वाढलेले. यल्लाप्पाचे आप्पा तिथे मिस्त्री आहेत. भट्टीच्या दिवशी अपघात होतो, परशरामचा उजवा हात आणि मानेची बाजू भाजते. चूक यल्लाप्पाची असते, आळ मात्र परशरामवर येतो. यल्लाप्पा गप्प बसतो, पुढे पुण्याला जातो आणि २०१४ साली आप्पांच्या आजारपणामुळे परततो. शेवट प्रायश्चित्ताचा. प्रकरणं ३२, शब्द साधारण ८५ हजार.

विचारायचं असं. अपघात नेमका कशाने व्हावा? तो कितव्या प्रकरणात यावा? आणि परशरामने शेवटी माफ करावं का?

उद्यमबाग_मोल्डर

अपघाताचं सांगतो, कारण तो चुकला तर इथला वाचक पुस्तक तिथेच मिटून ठेवेल.

वितळलेल्या लोखंडावर पाणी सांडलं आणि स्फोट झाला असं लिहू नका. वरून पडलेलं पाणी बहुतेक वेळा तडतडून वाफ होऊन जातं. घात होतो तो लोखंडाच्या खाली अडकलेल्या ओलीने. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,७०० पट वाढतं. वर जड धातू असल्याने वाफेला वाट मिळत नाही, मग ती धातूच उडवून लावते. म्हणून ओला साचा, गंजून ओल धरलेलं भंगार आणि न तापवलेली लेडल (वितळलेलं लोखंड उचलून साच्यात ओतायचं भांडं), ही तीन कारणं खरी.

तुमच्या कथेला लेडल बरोबर बसते. लेडलला आतून फायर क्ले आणि वाळूचा लेप असतो. तो भट्टीगणिक झिजतो, म्हणून आदल्या दिवशी डागडुजी करायची आणि मग विस्तव घालून लेडल आतून मंद लाल दिसेपर्यंत तापवायची. नुसती वरून कोरडी दिसून भागत नाही. लेपाची वरची कातडी वाळते आणि आत, पत्र्याला लागून, ओल तशीच राहते. बाहेरून हात लावला तर गरमही लागते. शिकाऊ पोरं इथेच फसतात.

दोघांनी उचलायची लेडल घ्या, ६०-७० किलो लोखंड मावणारी. एका बाजूला एकच दांडा, दुसऱ्या बाजूला दोन दांड्यांचा फाटा. फाट्याकडचा माणूस लेडल कलती करून साच्यात ओततो, एका दांड्याचा नुसता तोलून धरतो. दोघांची पावलं जुळावी लागतात, नाहीतर धातू हिंदकळतो. दोन मित्रांसाठी यापेक्षा चांगली जागा फौंड्रीत नाही. परशरामला फाट्यावर ठेवा, कारण ओतायला ज्याचा हात चांगला तोच तिथे असतो.

आता क्रम. कुपोल्याचं, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीचं, तोंड फोडलं, १,४०० अंशांच्या आसपासचा रस पन्हळीतून लेडलमध्ये आला. आधी खालून गुडगुड आवाज, रस उकळल्यासारखा हलतो आणि दुसऱ्या क्षणी उसळतो. कुणाच्या अंगावर उडेल याला नेम नाही. हे नीट वापरा. यल्लाप्पाही तीच लेडल धरून उभा आहे. त्याने मित्राचा घात ठरवून केलेला नाही, दोघांचा जीव सारखाच टांगणीला लावलाय. परशराम भाजला आणि तो वाचला, एवढंच.

आणखी एक. पायात नाडीचे बूट देऊ नका. रस बुटात गेला तर नाडी सोडेपर्यंत पाय जातो. जुने मिस्त्री पोरांना नाडीचे बूट घालू देत नाहीत, तुमचे आप्पा जाणते असतील तर तेही देणार नाहीत.

खानापूरवासी

म्हणजे यल्लाप्पाने लेडल पुरती तापवली नाही. आप्पा विचारतात, "लेडल तापली काय?" आणि तो "व्हय" म्हणतो. पण त्याने अर्धवट का सोडली असावी? आळस म्हटलं तर पात्र हलकं होतं.

वाचनवेल_टिळकवाडी

आळस नकोच. कारण बापाकडे न्या.

मिस्त्री बाप साच्याचं काम कुणाला शिकवतो? ज्याचा हात वळतो त्याला. म्हणजे परशरामला. वाळू ठोकणं, पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) न हलवता उचलणं, करणीने साच्याची कड सफाईदार करणं, हे सगळं आप्पा परशरामच्या हाताला धरून शिकवतात आणि पोटच्या पोराला लेडलच्या विस्तवावर बसवतात. त्या दिवशी मोठा साचा उचलायचा आहे. यल्लाप्पा विस्तव सोडून तिथे जाऊन उभा राहतो, आप्पांनी आपल्यालाही हाक मारावी म्हणून. हाक येत नाही. परत येईपर्यंत विस्तव उतरलेला असतो. त्याचं "व्हय" हे बापाच्या नजरेतून उतरू नये म्हणून आलेलं आहे. मैत्री आणि बाप-लेक हे दोन वेगळे धागे राहत नाहीत, एकाच "व्हय"मध्ये गुंततात.

जागा विचारलीत. 'क्राइम अँड पनिशमेंट' ही १८६६ची कादंबरी सहा भागांची, वर उपसंहार. खून पहिल्याच भागाच्या शेवटी होऊन जातो. 'द काइट रनर' २००३ची, २५ प्रकरणांची, आणि गल्लीत हसनवर अत्याचार होतो नि त्याचा मित्र अमीर पळून जातो, तो प्रसंग सातव्यात आहे. दोन्हीकडे गुन्हा लवकर उरकून पुढची सगळी जागा त्याच्या परिणामांना दिलेली आहे. तुमच्या ३२ प्रकरणांत अपघात सातव्या किंवा आठव्यात यावा. त्याआधीच्या प्रकरणांत मैत्री दिसली पाहिजे, आणि ती कामातून दिसावी. 'ते जिवलग मित्र होते' हे वाक्य कुठेही नको.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नुसत्या अपघाताच्या जोरावर तेवीस वर्षं कादंबरी चालत नाही. सतरा वर्षांच्या पोराची घाबरून झालेली चूक वाचक दहा पानांत माफ करून टाकतो. दुसरा गुन्हा हवा, आणि तो शांत डोक्याने केलेला हवा. 'काइट रनर'मध्ये अमीर गल्लीतून पळून जातो ती भीती होती. पण नंतर तो घड्याळ आणि पैसे हसनच्या गादीखाली ठेवतो, ते ठरवून. खरा डाग तो आहे. मित्र समोर दिसतोय तोवर स्वतःचा भेकडपणा रोज आठवतो, म्हणून मित्रालाच घालवून द्यायचं. अपराधभाव माणसाला सुधारण्याआधी बिघडवतो, हे ज्या कादंबरीत येत नाही ती बेगडी वाटते.

खानापूरवासी

दुसऱ्या गुन्ह्यासाठी एक कल्पना आहे. मालक परशरामच्या आईकडून एका कागदावर अंगठा घेतो. कागद कन्नडमध्ये आहे. ती मराठी, निरक्षर. यल्लाप्पाला शाळेत कन्नड होतं, म्हणून वाचून दाखवायला त्यालाच बसवतात. कागदात लिहिलंय की अपघात परशरामच्या हलगर्जीपणाने झाला आणि तीन हजार रुपये घेऊन आमची काही तक्रार उरलेली नाही. यल्लाप्पा पैशांचं वाचतो आणि हलगर्जीपणाची ओळ गाळतो.

वाचनवेल_टिळकवाडी

हाच तो गुन्हा. आपल्या भागाशिवाय दुसरीकडे तो असा घडलाच नसता. पहिल्यात खोटं बोलणं आहे, दुसऱ्यात गाळून वाचणं. म्हणजे प्रायश्चित्त कसलं हवं तेही ठरलं. देणगी नको, दवाखान्याचा खर्च नको, परशरामच्या पोराला नोकरी नको. जे बोलायचं राहिलं ते त्याच माणसांसमोर बोलणं, एवढंच. गुन्ह्याचा आकार एक आणि भरपाईचा दुसरा असला की वाचकाला वाटतं, हा पैसे टाकून सुटला.

अनगोळ_वकील

कायद्याची बाजू नीट बसवा, त्यातून कथेला दोन पक्के खिळे मिळतील.

तेव्हा लागू असलेला कायदा १९२३चा, कामगार नुकसानभरपाईचा. पुढचं सगळं त्या वेळच्या कायद्याप्रमाणे. वीज वापरणाऱ्या कारखान्यात दहा किंवा अधिक कामगार असले तर ईएसआय (कामगार राज्य विमा) लागतो आणि मग या कायद्याखाली दावा करता येत नाही. म्हणून फौंड्रीत सात-आठच माणसं दाखवा.

परशराम सतरा वर्षांचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान, अल्पवयीन. अज्ञान कामगाराची एकरकमी भरपाई थेट हातात देता येत नाही, नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. आपापसातला करार त्यांच्याकडे नोंदवावा लागतो, आणि हक्क सोडून दिल्याचा कागद कायद्याने मुळातच रद्दबातल. म्हणजे त्या अंगठ्याला काडीची किंमत नव्हती. पण हे कुणीतरी त्या बाईला सांगायला हवं होतं.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठीही आधी दावा दाखल करावा लागतो. यल्लाप्पाच्या गप्प बसण्याला इथे तारीख मिळते. १९९३ साली मुदत संपली त्या दिवशी तो कुठे होता, काय करत होता, यावर एक छोटं प्रकरण होऊ शकतं.

रक्कमही सांगतो. मजुरी महिना ६०० रुपये धरा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला तेव्हा मजुरीच्या निम्मे गुणिले वयाचा गुणक. सतराव्या वर्षाचा गुणक २२७.४९. म्हणजे ३०० × २२७.४९ = ६८,२४७ रुपये. भाजून बोटं आखडली तर ती दुखापत कायद्याच्या परिशिष्टात टक्क्यांसह दिलेली नसते, कमाईची क्षमता किती गेली ते डॉक्टर ठरवतो. त्याने ४० टक्के लिहिले तर सुमारे २७,३०० होतात. मिळाले तीन हजार.

निपाणीकर

हिशेब उत्तम, पण कादंबरीत तो अर्ध्या पानापेक्षा जास्त नको. तोही वकिलाच्या तोंडी नको. यल्लाप्पा पुण्यात कुठल्याशा पतपेढीत कारकून असेल तर एका रात्री पाठकोऱ्या कागदावर हा गुणाकार तो स्वतःच करेल. खाली आकडा येईल, तिथे प्रकरण थांबवा. वर त्याच्या मनात काय आलं ते लिहू नका.

आणि 'सल', 'टोचणी', 'मनाचा कोंडमारा' हे शब्द पहिल्या खर्ड्यातून शोधून काढून टाका. अपराधभाव माणूस काय टाळतो त्यावरून दाखवावा. यल्लाप्पा गावी आला की टिळकवाडीवरून न जाता लांबचा रस्ता धरतो. घरात आई परशरामचं नाव काढते तेव्हा पाणी प्यायला उठतो. अशा चार-पाच गोष्टी पुरतात, आणि प्रत्येक वेगळी हवी.

शहापूरची_लेक

आतापर्यंत सगळा विचार यल्लाप्पाचाच चाललाय. या जातीच्या कादंबऱ्या इथेच घसरतात. ज्याच्यावर अन्याय झाला तो मित्र पुतळा होतो : सोशिक, निर्मळ, कायम वाट पाहणारा. हसनवर हा आक्षेप बरेच वाचक घेतात आणि मला तो पटतो.

परशरामला तेवीस वर्षं जगू द्या. भाजल्याचे व्रण आवळत जातात, बोटं तळहाताकडे ओढली जातात. सुरुवातीला फळी बांधून आणि रोज ताणून व्यायाम केला तर हात बराच वाचतो, नाहीतर मूठ अर्धी मिटलेलीच राहते. त्याची आई वडगावात मागवाल्यांकडे, म्हणजे विणकरांकडे, सुताच्या कांड्या भरते. रोज दवाखान्यात न्यायचं तर तिची मजुरी बुडते, म्हणून व्यायाम महिन्याभरात सुटला. हे असं लिहिलं की तीन हजार आणि सत्तावीस हजार यांतला फरक त्या बोटांवर दिसतो.

पुढे त्याने काय केलं? पॅटर्न ओळखायची नजर हाताबरोबर जात नाही. तो भंगार पारखायला लागला असेल. तुकडा मोडून आतला दाणा बघायचा, करडा की पांढरा, त्यावरून माल सांगायचा. डाव्या हाताने होतं हे. आज त्याचं भंगाराचं लहान दुकान असेल, लग्न झालं असेल, शाळकरी मुलगी असेल. तो रागीटही असू दे, कधी हिशेबाला कच्चा, कधी बायकोवर खेकसणारा.

आता आराखड्यातली मोठी फट. त्या कागदाची झेरॉक्स आईच्या ट्रंकेत असेलच ना? मग तेवीस वर्षांत ती कुणी वाचली नाही, हे कसं पटावं? परशरामची मुलगी कन्नड शाळेत जात असेल. आठवीतली पोरगी अर्ध्या मिनिटात वाचून दाखवेल.

खानापूरवासी

खरंय. कागद हरवला म्हणून दाखवू का?

शहापूरची_लेक

अजिबात नको. वाचू दे तिला. परशरामला कागदातली ओळ यल्लाप्पा यायच्या आधीच कळलेली असू दे. यल्लाप्पाने ती गाळली हेही त्याला समजलंय, कारण आईने तेव्हा काय ऐकलं ते तिला शब्दन् शब्द आठवतं.

म्हणजे यल्लाप्पा मोठा धीर करून कागदाबद्दल सांगायला येतो आणि समोरचा म्हणतो, "त्ये म्हायती हाय मला." सगळी तयारी वाया. आणि मग उरते ती लेडल, जी कुणालाच माहीत नाही. परशराम इतकी वर्षं मानत आलाय की लेडल आपणच नीट धरली नाही, रस आपल्याच हाताने हिंदकळला. कागदाचा राग त्याने पचवला असेल, पण आपल्या हातावरचा विश्वास तेव्हाच गेला. खरं कर्ज ते आहे.

वाचनवेल_टिळकवाडी

याच्यापुढे माझा शेवटाचा सगळा विचार मागे पडतो. आधी कागद, मग लेडल हाच क्रम ठेवावा. वाचकाला लेडलचं पहिल्यापासून माहीत असलं तरी चालेल, किंबहुना हवंच. काय कबूल करायचंय यापेक्षा तो कुठे थांबेल यावर ताण राहील. "म्हायती हाय" ऐकल्यावर सुटका मानून उठून जायची सोय आहे त्याला.

येळ्ळूरकर

आप्पांचं काय? अनुभवी मिस्त्री अपघातानंतर रिकामी लेडल उलटी करून बघणारच. लेप उखडलेला, पत्र्याजवळ मऊ माती. त्याला क्षणात कळेल. म्हणजे आप्पांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

उद्यमबाग_मोल्डर

बरोबर. आणि ते काय करतील तेही सांगतो. लेप पूर्ण खरवडून काढून दुसऱ्या दिवशी नवा देतील. रोजचंच काम, कुणाला संशय येत नाही. पुरावा असा जातो.

येळ्ळूरकर

मग तिसरा दोषी तेच. आपल्या हाताखाली तयार झालेल्या पोराला त्यांनी बळी दिलं आणि पोटच्याला वाचवलं. त्यानंतर त्यांनी कुणालाच साचा शिकवला नाही, असं एका ओळीत येऊ द्या. यल्लाप्पाला मात्र वाटत राहतं की परशराम गेला म्हणून आप्पा आपल्यावर रुष्ट आहेत.

हे वाचकाला कधी कळावं? माझ्या मते विसाव्या प्रकरणाच्या आसपास, यल्लाप्पाच्या आधी.

वाचनवेल_टिळकवाडी

इथे पटत नाही. निवेदन यल्लाप्पाच्या बाजूने असेल तर वाचकाला आधी कळायला वाट नाही, मुद्दाम दुसऱ्याच्या डोक्यात शिरावं लागेल. त्यापेक्षा आठव्या प्रकरणात आप्पा लेप खरवडताना दिसू द्या, सतरा वर्षांच्या पोराच्या नजरेने, अर्थ न लावता. जाणता वाचक तिथेच ओळखेल, बाकीच्यांना पंचविसाव्यात कळेल.

येळ्ळूरकर

हे मान्य. पण मग पंचविसाव्यात आप्पांनी दवाखान्याच्या खाटेवरून कबुलीचं भाषण ठोकू नये. मरणाच्या दारातली कबुली फार झिजलेली आहे. आप्पांना घरी ठेवा, हिंडते-फिरते, फक्त विसरभोळे झालेले. ते यल्लाप्पाला परशराम समजून बोलतात : "लेडल कच्ची हुती गा. तुजा हात चांगला." तेवढंच. पोराला दोन गोष्टी एकदम कळतात. बापाला माहीत होतं, आणि बाप इतकी वर्षं दुसऱ्याच पोराशी मनात बोलतोय.

निपाणीकर

ताकदीचं आहे. बोलीबद्दल एक. घरात यल्लाप्पा बापाला "आप्पा, तू" म्हणेल, फौंड्रीत इतरांसारखं "मिस्त्री, तुम्ही". अपघाताच्या दिवशीचं "व्हय" कुठल्या नात्याने म्हटलेलं ते त्यामुळे आपोआप दिसेल. तो परशरामच्या आईला "मावशी" म्हणतो. कागदाच्या प्रसंगात मालक तिला "ए बाई" करतो आणि यल्लाप्पा वाचायला बसतो तेव्हा ती म्हणते, "तू हाईस न्हवं, मग झालं." बोली संवादात ठेवा, निवेदन प्रमाण मराठीत. निवेदनही बोलीत नेलं तर ८५ हजार शब्द पेलणं कठीण.

खानापूरवासी

आता माफीचं सांगा. २९व्या प्रकरणात कबुली धरली आहे. नंतर यल्लाप्पा परशरामच्या मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी घेतो, असा शेवट होता.

शहापूरची_लेक

मुलीला यात ओढू नका. दुखावलेल्या मित्राचं मूल म्हणजे अपराध्याला मिळालेलं बक्षीस नव्हे. 'काइट रनर'मध्ये हसनच्या मुलाला, सोहराबला, सोडवून आणणं गोड होत नाही ते एकाच कारणाने. अनाथाश्रमात पाठवणार नाही असं अमीर त्याला सांगतो आणि मग तीच गोष्ट पुन्हा काढतो. पोरगा मनगट कापून घेतो, वाचतो, पण पुढे कितीतरी महिने बोलत नाही. प्रायश्चित्त करतानाही माणूस नवी इजा करू शकतो, हे तिथे सोडलेलं नाही. तुमच्याकडे इतकं लांब जायची गरज नाही. मुलगी घरात असू दे. तिने कागद वाचलेला आहे, म्हणून यल्लाप्पाला ती नावाने आधीच ओळखते. दार तीच उघडेल.

वाचनवेल_टिळकवाडी

माफीचा शब्द उच्चारला जाऊ नये असं मला वाटतं. परशरामने प्रश्न विचारावेत. तेही कारागिराचे : किती वेळ विस्तव होता? लेप कधी दिलेला? कुठल्या बाजूला? यल्लाप्पाने एकेकाचं उत्तर द्यायचं, फाटे न फोडता. "माझं वय काय होतं", "मी घाबरलो" ही वाक्यं त्याच्या तोंडी आली की कबुलीची कैफियत होते. आणि त्याने रडू नये. तो रडला की परशरामलाच त्याची समजूत घालावी लागेल, म्हणजे पुन्हा ओझं त्याच्याच खांद्यावर.

निपाणीकर

मला परशरामने शेवटी काहीतरी मागावं असं वाटतं. प्रश्नांवरच संपवलं तर वाचक अधांतरी राहील.

उद्यमबाग_मोल्डर

मागू दे की. तो म्हणेल, "हे आईला सांग. आन् फौंड्रीत त्येंना सांग." जुन्यांतले तिघं-चौघं अजून असतील तिथे. आज बऱ्याच ठिकाणी कुपोल्याऐवजी विजेवरची इंडक्शन फर्नेस आली आहे, पण लेडल आहे आणि ती तापवावी लागतेच. तिथे, त्या माणसांसमोर, यल्लाप्पाने सांगायचं की त्या दिवशी हात परशरामचा चुकला नव्हता.

खानापूरवासी

मग मांडणी अशी करतो. १ ते ६ मैत्री आणि काम, ७ अपघात, ८ लेप खरवडणं, ९ कागद. १० ते १७ पुणं, त्यात १९९३च्या तारखेचं छोटं प्रकरण. १८ ते २४ परतल्यावरचं, २५ आप्पांचं बोलणं, २६ ते २८ टाळाटाळ, २९ परशरामच्या घरी, ३० मावशी, ३१ फौंड्री. बत्तिसावं उरतंच नाही.

शहापूरची_लेक

उरू नये. फक्त तिसावं घाईत उरकू नका. मावशीने तेवीस वर्षं आपल्याच पोराला "नीट धरायचं न्हवतं काय" म्हणून बोल लावलेला आहे, आणि तो तिने पहिल्या भागात दोनदा तरी लावलेला वाचकाने ऐकलेला असावा. २९व्यापेक्षा जास्त पानं या प्रकरणाला द्या. तिथे यल्लाप्पा कमी बोलेल, मावशी आणि परशराम जास्त.